वर्षाला तेरा रिचार्ज

वाचकांचं पत्र:

"ताई, नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो. घरात चौघं: मी, हे, मुलगा आणि मुलगी. सासूबाई गावी असतात, दिंडोरी तालुक्यात. ह्यांना अंबडच्या कंपनीत शिफ्ट असते, फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी दहावीला. मी घरून डबे देते, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. आमच्याकडे सहा सिम आहेत. आम्हा चौघांना २९९चा, रोज दीड जीबीवाला, २८ दिवसांचा पॅक. सासूबाईंच्या बटणाच्या फोनला १९९चा. ह्यांच्या फोनमध्ये दुसरं सिम आहे, तो जुना नंबर बँकेला जोडलेला, त्यालाही १९९चा. महिन्याला सोळाशे रुपये जातात, तरी दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा पॅक संपलेला असतो. मुलाचा डेटा संध्याकाळीच संपतो आणि मग तो बहिणीचा हॉटस्पॉट मागतो. दुकानदार म्हणतो, फाइव्ह-जीचा मोठा प्लॅन घ्या. मुलगा म्हणतो, पोस्टपेड फॅमिली घेऊ. आणि गावी सासूबाईंना घरात रेंज नाही, फोन पिशवीत घालून ओट्यावरच्या खुंटीला टांगून ठेवतात. नेमकं काय करावं? कोणती कंपनी चांगली?"

— एक वाचक भगिनी, सिडको, नाशिक

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी कागद-पेन घेतलं. चार सिमचे ११९६, दोन सिमचे ३९८, एकूण १५९४. सोळाशे लिहिलंत ते बरोबरच आहे, चूक फक्त "महिन्याला" या शब्दात आहे. हे पैसे २८ दिवसांचे आहेत. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात तेरा वेळा करावा लागतो, त्यामुळे तुमच्या घरातून वर्षाला १९,१२८ च्या ऐवजी २०,७२२ रुपये जातात. मधला फरक बरोबर एका रिचार्जचा, १५९४ रुपयांचा. तो कुठल्याच महिन्याच्या खर्चात डोळ्यांवर येत नाही, कारण तारीख हळूहळू मागे सरकत राहते. २५ जानेवारीला केलेला रिचार्ज जूनमध्ये १४ तारखेवर येऊन ठेपतो. पगार मात्र ठरलेल्या तारखेलाच होतो. दर आठवड्याला कोणाचा तरी पॅक संपतो ही तुमची तक्रार इथूनच सुरू होते. सहा सिम, सहा तारखा, आणि सहाही सरकत्या.

यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला होता. प्रत्येक कंपनीने निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा आणि एक तरी प्लॅन दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज करता येईल असा ठेवायलाच हवा. असे प्लॅन आहेत. दुकानाच्या बोर्डावर मात्र ते क्वचित लिहिलेले दिसतात. कंपनीच्या ॲपमध्ये शोधा किंवा दुकानदाराला स्पष्ट विचारा, "कॅलेंडर महिन्याचा आहे का?" तो विचारल्याशिवाय सांगणार नाही. त्यात त्याचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण "दोनशे नव्व्याण्णवचा मारा" एवढंच म्हणतो.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंत, कोणता प्लॅन, कोणती कंपनी. मी तुम्हाला उलट विचारते: घरातल्या प्रत्येक माणसाचा महिन्याचा डेटा किती लागतो, हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेक नसणार. चार वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. तेव्हा मीही रोज दीड जीबीवालाच पॅक मारत होते. एकदा भाचीने माझ्या फोनची सेटिंग उघडून आकडा दाखवला. २८ दिवसांत मला मिळत होते ४२ जीबी आणि मी वापरले होते ९. उरलेले ३३ जीबी रोज थोडे थोडे, रात्री बाराच्या ठोक्याला, नाहीसे होत होते. रोजच्या कोट्याचा डेटा बहुतेक पॅकमध्ये उद्यावर ढकलता येत नाही. डब्यात उरलेली पोळी सकाळी फोडणीला घालता येते, डेटाचं तसं नाही. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. पैसा मोठा नव्हता, पण दर महिन्याला न बघता दिला होता.

तर आज रात्री जेवणं झाल्यावर चौघांचे फोन एका जागी ठेवा. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये "नेटवर्क" किंवा "कनेक्शन" असं काहीतरी असतं, त्यात "डेटा युसेज". तिथे महिन्याचा आकडा दिसेल आणि खाली कोणत्या ॲपने किती खाल्ला तेही दिसेल. चार आकडे वहीत लिहा. कॉल किती मिनिटं होतात याची काळजी करू नका, आता जवळपास सगळ्या प्लॅनमध्ये कॉल अमर्यादच असतात. तुमचे पैसे ठरतात ते डेटावर आणि दिवसांवर.

अंदाज म्हणून सांगते. व्हॉट्सॲपवर मेसेज, डब्यांचे फोटो, यूपीआय, या सगळ्याला मिळून फार डेटा लागत नाही. व्हिडिओ कॉल तासाला साधारण ३०० एमबी घेतो. खरा खादाड म्हणजे व्हिडिओ. तोच तासाभराचा व्हिडिओ ४८० च्या दर्जावर बघितला तर साधारण अर्धा जीबी, आणि एचडीवर लावला तर एक जीबीच्या वर. मुलीचे दहावीचे व्हिडिओ ४८० वर फळ्यावरची अक्षरं स्पष्ट दिसण्याइतके चांगले चालतात. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठी "डेटा सेव्हर" निवडून ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचे बंद करा, फक्त तुमच्या फोनवर फोटो चालू ठेवा, कारण ऑर्डरीचे फोटो तुम्हाला लागतात. एवढ्या दोन गोष्टींनी कित्येक घरांचा रोजचा कोटा पुरतो आणि मोठ्या प्लॅनची गरजच पडत नाही.

तुमच्या पत्रातल्या तपशिलांवरून मला काय दिसतं ते आता माणसागणिक सांगते. सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण माझं मन त्या खुंटीवरच्या पिशवीत अडकलंय.

त्यांचा फोन बटणाचा आहे. त्यांना नेट नको, फक्त बोलता आलं पाहिजे आणि बँकेचा मेसेज आला पाहिजे. अशा माणसांसाठीच डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला: फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक कंपन्यांना द्यावाच लागेल, आणि अशा खास पॅकची मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. कारणही त्यांनी तेच दिलं होतं. म्हातारी माणसं, घरात ब्रॉडबँड असलेली माणसं, दोन सिम बाळगणारी माणसं, यांनी न वापरलेल्या डेटाचे पैसे का द्यावेत? जानेवारी २०२५ पासून हे पॅक आले. तेव्हा ८४ दिवसांचा साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे आणि वर्षाचा १८४९ च्या आसपास होता. सासूबाईंसाठी तुम्ही १९९ गुणिले तेरा, म्हणजे वर्षाला २५८७ रुपये भरताय. वर्षभराचा कॉलवाला पॅक १८४९ ला मिळाला तर ७३८ रुपये वाचले, आणि वर्षभर कोणी गावी फोन करून "आई, रिचार्ज संपला का?" विचारायचं राहिलं नाही. मला या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त वाटतं. किंमत बदललेली असू शकते, पण "फक्त कॉल-एसएमएसचा पॅक" असं नाव घेऊनच मागा. दुकानात तो बहुधा शेवटी दाखवतात.

पण पॅक मारण्याआधी रेंज बघा. ओट्यावर रेंज आणि माजघरात नाही, याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर लांब आहे किंवा मध्ये टेकडी किंवा जाड भिंत आहे. घरात सिमेंटचा स्लॅब किंवा दगडी भिंत असली की सिग्नल आणखी बसतो. अशा ठिकाणी महागडा प्लॅन घेऊन काही होत नाही, कंपनीच बदलावी लागते. कोणत्या कंपनीत जायचं हे मी इथून सांगू शकत नाही आणि सिडकोतला दुकानदारही सांगू शकणार नाही. ते ठरणार त्या घराच्या माजघरात. येत्या रविवारी गावी जाल तेव्हा असं करा. शेजारपाजारी कोणाकडे कोणतं सिम आहे ते विचारा. वेगवेगळ्या कंपनीच्या सिमचे दोन-तीन फोन पाच मिनिटं मागून घ्या. सासूबाई रात्री जिथे झोपतात तिथे उभं राहून प्रत्येक फोनवरून तुमच्या नंबरला फोन लावा. आवाज तुटतो का ते ऐका. फोनवरच्या दांड्यांवर जाऊ नका, पूर्ण दांड्या असूनही आवाज तुटतो. जमलं तर लाइट गेलेली असताना परत एकदा बघा. काही ठिकाणी टॉवरची बॅटरी उतरली की रेंज जाते, आणि गावात नेमकी तेव्हाच फोनची गरज पडते. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी फोन लागला पाहिजे, ओट्यावर लागून उपयोग नाही. रात्री छातीत दुखलं तर त्या ओट्यापर्यंत जाणार कशा?

एक लक्षात ठेवा. जिओचं नेटवर्क फोर-जी आणि फाइव्ह-जीचंच आहे, टू-जी नाही. जुन्या साध्या बटणाच्या फोनवर त्याचं सिम चालत नाही, त्याला फोर-जी बटणाचा फोन लागतो. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएल जुन्या फोनवर चालतात. बीएसएनएलला नाकारू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं स्वदेशी बनावटीचं फोर-जी देशभर सुरू झालं, आणि एखाद्या गावाला सगळ्यात जवळचा टॉवर त्यांचाच असू शकतो. तरी माजघरातली परीक्षा त्यालाही द्यायला लावा.

आता ह्यांच्या फोनकडे. फोन आठ तास लॉकरमध्ये, म्हणजे दिवसाचा बराच डेटा न वापरताच वाया गेला. वहीतला त्यांचा आकडा बघाल तेव्हा, माझा अंदाज, तो घरात सगळ्यात लहान निघेल. मग दुसऱ्या सिमचा प्रश्न. तो नंबर फक्त बँकेच्या मेसेजसाठी जिवंत ठेवताय आणि त्यासाठी वर्षाला २५८७ रुपये देताय. बँकेच्या शाखेत जाऊन मोबाइल नंबर बदलायचा अर्ज द्या, मुख्य नंबर जोडून घ्या. आधार, पीएफचा खाते क्रमांक, गॅस, विमा, मुलांची शाळा-कॉलेज, जिथे जिथे तो नंबर दिलाय त्यांची यादी करा आणि एकेक बदला. सगळं बदलून झाल्यावर दोन महिने थांबा. जुन्या नंबरवर कोणाचाही मेसेज आला नाही, मगच सिम सोडा.

घाई मात्र बिलकूल करू नका. बंद झालेला नंबर कंपन्या ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकतात. आमच्या नात्यातल्या एका काकांचा जुना नंबर असाच रिचार्ज न केल्याने गेला. पुढे वर्षभराने त्यांच्या बँकेचे मेसेज एका अनोळखी मुलाला जात होते. तो मुलगा भला, त्याने स्वतः शोधून कळवलं. पण बँकेत नंबर बदलेपर्यंत काकांना झोप नव्हती. दुसरं सिम ठेवायचंच असेल तर त्याला कॉल-एसएमएसचाच पॅक टाका आणि ते घरातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा. सगळं घर एकाच कंपनीवर नसावं, हे माझं ठाम मत आहे. एखाद्या दिवशी एका कंपनीचं नेटवर्क बसतं, तेव्हा दुसऱ्या सिमचा हॉटस्पॉट कामाला येतो. तुमचे डबे व्हॉट्सॲपवर चालतात, तुम्हाला हे जास्त लागू आहे. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, गर्दीच्या दिवसांत एकाच टॉवरवर किती भार येईल हे आपण नाशिककरांनी मागच्या वेळी पाहिलंय.

मुलगी दहावीची. तिचा अभ्यास घरात बसून होतो, घराबाहेर तिला फोन लागतो तो क्लासहून उशीर होणार असं सांगण्यापुरता. तिच्याही आकड्याकडे बघा, पण आधी बघा की त्यातला किती तिचा आणि किती हॉटस्पॉटवर भावाने घेतलेला. मला वाटतं तुमच्या घरातला खरा प्रश्न मुलाचा आहे, बाकीचे सगळे त्याच्या तुटवड्यासाठी जास्तीचा पॅक मारताय.

मुलाला खरोखर डेटा लागतो. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, लेक्चरचे व्हिडिओ, सॉफ्टवेअर उतरवणं, आणि थोडी करमणूकही, वय आहे. इथे दुकानदाराचा फाइव्ह-जीचा सल्ला एका सिमपुरता बरोबर ठरू शकतो. जिओ आणि एअरटेलकडे रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या ठरावीक प्लॅनवर फाइव्ह-जी अमर्याद मिळतं, म्हणजे फोन फाइव्ह-जीवर असेपर्यंत रोजचा कोटा खर्च होत नाही. पण तीन गोष्टी तपासा: त्याचा फोन फाइव्ह-जी आहे का, घरात आणि कॉलेजात फाइव्ह-जी टिकून राहतं का की सारखं फोर-जीवर घसरतं, आणि तो प्लॅन खरोखर अमर्याद फाइव्ह-जीच्या यादीत आहे का. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर छोट्या प्लॅनमधून ही सोय काढली गेली. तिन्ही उत्तरं होकारार्थी आली तर त्याला एकट्याला मोठा प्लॅन घ्या आणि घरच्यांच्या हॉटस्पॉटवरचा त्याचा हक्क त्याच दिवशी संपला असं सांगा. सगळ्यांना मोठा प्लॅन घेणं मात्र चुकीचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात वाय-फाय घ्यावं का, हा प्रश्न पुढे येणारच. फायबरचा सगळ्यात छोटा प्लॅन साधारण ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४७१ रुपये, वर्षाला ५६५० च्या आसपास. प्रामाणिकपणे सांगते, यात पैसे वाचतीलच असं नाही. वाचवायचे असतील तर वाय-फाय आल्यावर निदान तीन मोबाइलचे पॅक खाली आणावे लागतील, आणि बहुतेक घरं तेच करत नाहीत. वाय-फायही घेतात आणि रोज दीड जीबीही चालू ठेवतात. तुमच्याकडे मुलीचं दहावीचं वर्ष आणि मुलाचं इंजिनिअरिंग एकदमच आहे. वाय-फाय घेतलंत तर मुलीला आणि ह्यांना कॉलचा किंवा अगदी कमी डेटाचा पॅक पुरेल. तुम्हाला डब्यांसाठी बाहेर फिरताना डेटा लागतो, तुमचा पॅक तसाच ठेवा. मी तुमच्या जागी असते तर आधी दोन महिने वाय-फायशिवाय, नुसते पॅक नीट लावून बघितलं असतं.

मुलाच्या पोस्टपेडच्या म्हणण्यावर. एक बिल, एक तारीख, सगळ्यांचा डेटा एका भांड्यात, हे ऐकायला गोड आहे, आणि ज्या घरात चौघंही नोकरीला बाहेर आणि सगळ्यांचा वापर मोठा, तिथे ते शोभतंही. तुमच्या घरी दोन अडचणी. प्रीपेडची किंमत जीएसटी धरून असते, २९९ म्हणजे २९९. पोस्टपेडची जाहिरातीतली किंमत जीएसटीशिवाय असते. ३९९ लिहिलेलं असलं तरी बिल येतं ४७१ चं. दुसरी अडचण शिस्तीची. प्रीपेडमध्ये पैसे संपले की वापर थांबतो. पोस्टपेडमध्ये आधी वापर आणि मग बिल, आणि बिल थकलं की नंबर दुसऱ्या कंपनीत नेताही येत नाही. तुमच्या घरी फक्त मुलाचा वापर मोठा आहे. एकासाठी पाच जणांना एका बिलात बांधू नका.

राहिला दिवसांचा हिशोब. तोच रोज दीड जीबी, २८ दिवसांना २९९ आणि ८४ दिवसांना ७९९, अशी जोडी दिसली तर तीन वेळचे ८९७ भरण्याऐवजी ९८ रुपये वाचतात, वर्षाला एका नंबरमागे सव्वाचारशे. हे उदाहरण आहे, तुमच्या कंपनीचे आकडे तुम्ही घाला. किंमत भागिले दिवस, एवढंच गणित, आणि ज्याचा रोजचा भाव कमी तो घ्या. पण डोळे झाकून वर्षाचा पॅक घेऊ नका. गावी माजघरात रेंज मिळाली अशी खात्री झाल्यावर सासूबाईंना वर्षाचा द्या. मुलाला ८४ दिवसांपेक्षा लांबचा नको, त्याच्या गरजा आणि कंपन्यांचे दर दोन्ही बदलतात. ॲपवरून रिचार्ज करताना शेवटच्या पानावर दोन-तीन रुपये "प्लॅटफॉर्म फी" लागते का तेही बघा, कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर बहुधा लागत नाही. आणि एखाद्या ओटीटीचं चित्र बघून प्लॅन निवडू नका. ते पुष्कळदा फक्त मोबाइलवर, एकाच स्क्रीनवर चालतं, टीव्हीवर लावायला गेलात की पुन्हा पैसे.

कंपनी बदलायची ठरली तर नंबर बदलावा लागत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा. नाहीतर "माझा नंबर सगळ्या गावाला पाठ आहे" म्हणून त्या नको म्हणतील. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे. त्यांच्याच फोनवरून १९०० या नंबरला एसएमएस करायचा: इंग्रजीत "पोर्ट", एक जागा सोडून त्यांचा दहा अंकी नंबर. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस जायलाच हवा, असा ट्रायचा २०२१ चा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. शुल्क साडेसहा रुपयांच्या आत आणि साधारण तीन कामाचे दिवस. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत, आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

दोन गोष्टींत लोक फसतात. जुन्या पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, म्हणून पॅक संपायला सहा-सात दिवस असताना पोर्ट करा. संपू देऊन करू नका, नंबर चालू असावा लागतो. आणि सिम कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. गावाकडे कित्येक सिम सासऱ्यांच्या नाहीतर दुकानातून आणून देणाऱ्या पुतण्याच्या नावावर निघतात, आणि मग पोर्ट अडतं. "संचार साथी" या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. तो आठ अक्षरांचा कोड फोनवरून कोणालाही सांगू नका. "ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार" असा फोन आला तर तो फसवणुकीचाच, ट्राय कोणालाही असा फोन करत नाही. हे सासूबाईंना दोनदा सांगा. जाहिरातीच्या फोनांनी त्या वैतागत असतील तर त्यांच्या फोनवरून १९०९ लावून ते बंद करता येतात.

ताई, सगळं एकदम करायला जाऊ नका. रविवारी माजघरातली परीक्षा आणि बुधवारपर्यंत चार फोनचे आकडे, एवढंच या आठवड्यात करा. आकडे आले की मला पुन्हा लिहा, सहाही सिमचा हिशोब आपण मिळून मांडू. आणि गावी रेंज सापडली की ती खुंटीवरची पिशवी काढून आणा.